मास्तरांचा प्रश्न आणि आमचे मौन

'सामना' या चित्रपटातील मास्तर गावात आल्यापासून एकच चौकशी करीत राहतात. मारुती कांबळे नावाचा एक माजी सैनिक याच गावात राहत होता, तो एकाएकी दिसेनासा झाला, त्याचे पुढे काय झाले? चित्रपट १९७५ सालचा. त्याला पन्नास वर्षे होऊन गेली, पण हा प्रश्न अजून महाराष्ट्राच्या बोलण्यात आहे. एखादे प्रकरण दडपले गेले की वर्तमानपत्रात, सभेत, चहाच्या टपरीवर कोणीतरी मारुती कांबळेचे नाव काढतोच. ज्यांनी 'सामना' पाहिलेला नाही, त्यांनाही त्या नावाचा अर्थ कळतो. कलाकृतीने भाषेला दिलेले हे देणे मोठे आहे.

या लेखात आम्हांला 'सामना' आणि त्याच दिग्दर्शकाचा 'सिंहासन' यांच्याविषयी लिहायचे आहे. संपत्ती आणि सत्ता यांचे नाते मराठी कलाकृतींनी कसे पाहिले, आणि आपण, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनी, ते कसे पाहिले किंवा पाहायचे टाळले, हा आमचा विषय आहे. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे आणि व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. दौंडला दवाखाना सांभाळत त्यांनी नाटक आणि चित्रपट केले. त्यांना केवळ 'मुस्लिम दिग्दर्शक' म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. तरीही मराठीतील राजकीय चित्रपटाचा पाया आपल्यातल्या एका माणसाने घातला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मुसलमान लेखकाने फक्त तलाक, बुरखा आणि दंगल यांवरच लिहावे, या अपेक्षेला त्यांनी कधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

'सामना'ची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि निर्मिती रामदास फुटाणे यांची. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर ही दोन माणसे समोरासमोर येतात. एकाकडे कारखाना, पैसा, माणसे आणि सत्ता. दुसऱ्याकडे काहीच नाही. स्वातंत्र्य चळवळीच्या आठवणी आहेत आणि दारूचे व्यसन आहे. हिंदुराव मास्तरांना मारीत नाही, हाकलून देत नाही. तो त्यांना पाहुणा करून घेतो. राहायला जागा देतो, जेवण देतो, दारू देतो. संपत्ती प्रथम येते ती पाहुणचाराच्या रूपाने, हे तेंडुलकरांनी आणि पटेलांनी अचूक हेरले आहे. धाक नंतर येतो, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही. ज्याचे खाल्ले त्याला प्रश्न कसा विचारायचा, हा संकोच धाकापेक्षा भारी असतो. मास्तरांचे मोठेपण हे, की हिंदुरावाचेच खाऊनपिऊन ते त्यालाच प्रश्न विचारतात. पण हे एका माणसाला जमले म्हणून ते गावाला जमते असे नाही. गाव गप्पच असते.

हा हिंदुराव आकाशातून पडलेला नव्हता. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागची कल्पना सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याची होती. शेतकरी सभासद, शेतकरीच मालक, एका सभासदाला एक मत. या कल्पनेने पश्चिम महाराष्ट्राचे रूप बदलले. कारखान्याबरोबर शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते आले. मग हळूहळू कारखान्याचा चेअरमन, जिल्हा बँकेचा संचालक, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि आमदार ही चार माणसे एकाच घरात, कधी एकाच देहात दिसू लागली. कर्ज त्याच्या हातात, उसाची तोड त्याच्या हातात, मुलाची नोकरी त्याच्या हातात. मग मत तेवढे सभासदाच्या हातात कसे राहावे? हा बदल होत असतानाच 'सामना' आला. म्हणून तो पाहताना ग्रामीण महाराष्ट्राला आरशासमोर उभे राहिल्यासारखे वाटले.

तरीही 'सामना'ची एक मर्यादा सांगितली पाहिजे. ती नैतिक कथा आहे. अपराध एका माणसाचा आहे आणि अखेर त्याला उत्तर द्यावे लागते. प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर येतो तो न्याय झाल्याचे समाधान घेऊन. पण हिंदुराव गेला तरी खुर्ची तिथेच असते, आणि तिला नवा माणूस मिळायला वेळ लागत नाही. शिवाय हिंदुरावाची श्रीमंती ज्यांच्या घामावर उभी आहे, ते चित्रपटाच्या मध्यभागी कधी येत नाहीत. मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून फडावर येणारे जोडपे असते. हिशेबात नवरा-बायको मिळून त्यांना एक 'कोयता' म्हणतात. दोन माणसांचे एक हत्यार करणारा हा शब्द एका कादंबरीला पुरेल. मास्तरांच्या प्रश्नाला या फडापर्यंत जायला वेळ मिळाला नाही.

'सिंहासन' (१९७९) ही मर्यादा पुष्कळ अंशी ओलांडतो. पत्रकार अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी तो लिहिला. येथे एक खलनायक नाही. मुख्यमंत्री आहेत, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे अर्थमंत्री आहेत, कामगार पुढारी आहे, तस्कर आहे, पैसेवाले आहेत. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आहे. पैशाला सत्तेकडे जायला एकच दरवाजा नसून अनेक जिने आहेत, आणि त्या सर्वांवर रात्रंदिवस वर्दळ आहे, हे साधूंनी बातमीदाराच्या नजरेने पाहिले होते. 'सामना'त हिंदुराव झालेले निळू फुले येथे दिगू टिपणीस हा पत्रकार झाले आहेत, ही निवडच बोलकी आहे. दिगूला सगळे ठाऊक आहे. कोणी कोणाला भेटले, कोणाची किंमत काय, सगळे. पण मास्तरांपाशी जो प्रश्न होता तो दिगूपाशी नाही, कारण कोणाला विचारायचे तेच कळेनासे झाले आहे. अखेरीस तो भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. मास्तरांच्या प्रश्नापासून दिगूच्या हसण्यापर्यंतचे अंतर चित्रपटांच्या हिशेबात चार वर्षांचे आहे. महाराष्ट्राच्या हिशेबात ते फार मोठे आहे.

येथवरची समीक्षा मराठीत वेगवेगळ्या शब्दांत झालेली आहे. आम्हांला पुढचे बोलायचे आहे, आणि ते आपल्या घरातले आहे.

'सिंहासन' पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १९८० मध्ये, रायगड जिल्ह्यातील आंबेत गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. या राज्याला मिळालेले ते आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. तो आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना तो शब्दांत सांगण्याची गरज नाही. मराठी बोलणारा, शिवाजी महाराजांचे नाव अभिमानाने घेणारा, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव देणारा कोकणी मुसलमान सर्वोच्च खुर्चीवर बसला होता. त्यांच्याच काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, वृद्ध यांना सरकारकडून दरमहा हक्काचे काही मिळावे, ही कल्पना गरिबाच्या घरात प्रत्यक्ष पोहोचली. हे श्रेय त्यांचे आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये.

आणि त्याच काळात सिमेंटचे प्रकरण घडले. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते. कोट्याशिवाय मिळत नसे, आणि सरकारी भाव व काळ्या बाजारातील भाव यांत मोठे अंतर होते. मुंबईतील बांधकाम व्यावसायिकांना जादा कोटा मिळाला आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला देणग्या मिळाल्या. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे उघड केले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी कोटा आणि देणगी यांचा एकमेकांशी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे चालला. त्यांना शिक्षा झाली नाही. २०१४ च्या डिसेंबरात ते गेले.

एकाच माणसाने निराधार विधवेला अनुदान दिले आणि त्याच माणसाच्या कारकिर्दीत बिल्डरांच्या देणग्यांचे प्रकरण घडले. यापेक्षा मोठा विषय कादंबरीकाराला कोणता हवा? येथे खलनायक नाही आणि संतही नाही. येथे एका समाजाचा अभिमान आहे, त्याच समाजाची लाज आहे, आणि 'आपला माणूस म्हणून त्याला पाडले' ही ठसठसही आहे. या ठसठशीत काही तथ्य असेलही. दुसऱ्यांच्या देणग्या त्या काळात कोणी एवढ्या बारकाईने मोजल्या नव्हत्या. पण या सर्वांचा ठाव घेणारी एकही कादंबरी, एकही नाटक मुस्लिम मराठी साहित्यात आमच्या वाचनात आलेले नाही. आम्ही गप्प बसलो. गावाने हिंदुरावाविषयी बाळगले तसेच हे मौन होते, फक्त त्याला आम्ही समाजाची अब्रू असे नाव दिले.

हा दोष कोणा एका लेखकाचा नाही, आम्हां सर्वांचा आहे. नव्वदच्या दशकापासून मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे तातडीचे प्रश्न होते. आम्ही मराठीच आहोत हे सिद्ध करायचे होते. दंगलीनंतरचे भय सांगायचे होते. शिकलगार, पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन यांच्या घरातली भूक पहिल्यांदा कागदावर आणायची होती. ते आम्ही केले आणि चांगले केले. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि २०१३ साली महाराष्ट्रापुरता डॉ. मेहमूदुर रहमान समितीचा अहवाल सादर झाला. या अहवालांत आकड्यांनी जे सांगितले, ते आमच्या कथा-कवितांनी आधीच सांगितले होते. आम्ही गरिबी लिहिली. संपत्ती लिहिली नाही. गरिबी हे जणू नशीब, आणि संपत्ती ही दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट, असेच आमच्या लेखनातून वाटत राहिले.

याला एक मोठा अपवाद आहे. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालची. दलवाईंच्या सामाजिक भूमिकांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही आणि तो वाद येथे नको. पण कादंबरीकार म्हणून त्यांनी कोकणातील आपल्याच गावाकडे पाहताना जमीन, कुळे आणि मानमरातब यांचा ताण पाहिला. धर्माच्या नावाने पेटणाऱ्या आगीखाली आधीपासून कोणते सरपण रचलेले असते, ते त्यांनी दाखवले. साठ वर्षे झाली, त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही.

विषयांची वाण नव्हती. मालेगाव आणि भिवंडीचे यंत्रमाग घ्या. बारा तासांची पाळी करणारा विणकर आणि लूमचा मालक पुष्कळदा एकाच मशिदीत एका सफेत नमाज पढतात. सफेतून उठल्यावर त्यांच्यात किती अंतर पडते, आणि निवडणुकीत त्या अंतराचे काय होते? मुंबईतले उदाहरण घ्या. अल्टामाऊंट रोडवर करीमभाई इब्राहीम खोजा यतीमखान्याची जमीन होती, अनाथ मुलांसाठी दिलेली. २००२ साली ती सुमारे एकवीस कोटी रुपयांना विकली गेली. वक्फ मंडळाने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, वाद वर्षानुवर्षे चालला. आज त्या जागेवर 'अँटिलिया' हे सत्तावीस मजल्यांचे खासगी घर उभे आहे. व्यवहार कायदेशीर की बेकायदेशीर, हे न्यायालयाचे काम. ज्या जमिनीवर यतीम मुलांनी झोपावे असे देणाऱ्याच्या मनात होते, ती विकताना कोण कोण बैठकीला होते आणि कोण गप्प राहिले, हे विचारणे लेखकाचे काम होते.

आता आजच्या काळाकडे येऊ. हिंदुरावाचा चेहरा सगळ्या गावाला माहीत होता. सिमेंट प्रकरणातही देणारा कोण, घेणारा कोण, कोटा किती, देणगी किती हे कागदावर होते, म्हणून तर न्यायमूर्तींना निष्कर्ष काढता आला. पुढे काय झाले? कंपन्यांनी राजकीय पक्षांना किती द्यावे याला पूर्वी मर्यादा होती. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ साली ती काढली. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. कोणी दिला हे मतदाराला कळणार नाही, अशी ही रचना होती. १९८२ साली ज्या व्यवहाराने मुख्यमंत्री गेले, त्याच जातीच्या व्यवहाराला नाव न लिहिण्याची सोय करून कायद्याने घरात घेतले, असे आम्हांला वाटते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला हे जाणण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. तोवर सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. नंतर यादी बाहेर आली. केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला सर्वाधिक, सुमारे निम्मा वाटा मिळाला होता. त्यामागे तृणमूल काँग्रेस आणि काँग्रेस होते. देणाऱ्यांत पहिली होती ती लॉटरीच्या धंद्यातील एक कंपनी, तेराशे कोटींहून अधिक देणारी. हातगाडीवाल्याने, हमालाने सुटण्याच्या आशेने घेतलेल्या तिकिटांचा पैसा कोठे कोठे पोहोचतो, याचा हा नकाशा आहे.

दुसरीकडे वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेला हिशेब आहे. २०२२-२३ साली देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. या मोजणीच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण दिशा कोणती याविषयी फारशी शंका नाही. लोकसभेत २००९ साली निवडून आलेल्यांपैकी ५८ टक्के खासदार कोट्यधीश होते, २०२४ साली ९३ टक्के. हे आकडे उमेदवारांच्या स्वतःच्या शपथपत्रांवरून असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने काढलेले आहेत. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याची मर्यादा आहे, विधानसभेला चाळीस लाख आणि लोकसभेला पंचाण्णव लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

मोठे आकडे वाचून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. म्हणून एक लहान गोष्ट सांगतो. आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी एका पक्षाकडे उमेदवारी मागायला गेले. तीस वर्षे शिकवलेले. मोहल्ल्यातील निम्म्या घरांचे रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्या हातचे. कार्यालयात त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि अदबीने विचारले, "सर, खर्चाचं कसं करणार?" सर हसले आणि चहा संपवून परत आले. तिकीट प्लॉटिंगच्या धंद्यातील एकाला मिळाले. तोही आपल्याच जमातीतला, आपल्याच मोहल्ल्यातला. निवडून आल्यावर त्याने मोठी दावत दिली. त्या दावतीला सर होते आणि आम्हीही होतो. बिर्याणी चांगली होती. गटारीचे काम अजून झालेले नाही. त्याला कोणी काही विचारलेले नाही, आम्हीही नाही.

'सामना' पुन्हा पाहताना ही दावत आठवते. हिंदुरावाच्या बंगल्यावर मास्तरांनी जे केले ते आम्हांला मोहल्ल्यातल्या मांडवात करता आले नाही. तेव्हा कळते, की असमानता ही फक्त अँटिलिया आणि झोपडी यांच्यात नसते. ती प्रश्न विचारू शकणारा आणि न विचारू शकणारा यांच्यातही असते, आणि पैसा सर्वांत आधी हे दुसरे अंतर निर्माण करतो. न्यायालय रोख्यांवरची नावे उघड करू शकते. खाल्ल्या अन्नाचा संकोच मोडणे त्याच्या हातात नाही. ते काम कथा-कादंबरीचे आहे.

म्हणून आमच्या नव्या लेखकांना आणि लेखिकांना आमचे सांगणे आहे, की भूक लिहा, पण त्या भुकेचा हिशेब ठेवणारी वहीही लिहा. जमातीच्या बैठकीत कोणाचे नाव आधी घेतले जाते, ते लिहा. लूमचा मालक लिहा, प्लॉट विकणारा लिहा, वक्फच्या जागेचे नाममात्र भाडे आणि ते ठरवणारा मुतवल्ली लिहा. आंबेतच्या बॅरिस्टरांवर एक कादंबरी लिहा, प्रेमाने आणि निर्दयपणे. समाजाची बदनामी होईल ही भीती आम्हांलाही होती, आणि त्या भीतीने समाजाचे काय भले केले ते आपल्यापुढे आहे. परके लोक आमच्यावर लिहितात ते आम्हांला आवडत नाही, पण आमच्या घरातील धनकोवर आम्ही लिहिले नाही तर ते तरी कोण लिहिणार?

मास्तर दुसऱ्या गावचे होते, वाट चुकून आल्यासारखे आलेले. म्हणून कदाचित त्यांना विचारता आले. आम्ही याच गावचे आहोत. मारुती कांबळे आमच्या शेजारी राहत होता आणि हिंदुरावाच्या पंक्तीला आम्हीही बसलो होतो. आम्हांला विचारणे जड जाईल, पण विचारायचे आम्हांलाच आहे.